कुठेय आवाज?

६ जानेवारी

ट्रक दारात उभा राहिला. माझ्या नावावर. इतकी वर्षं ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या गाड्या कुठवर पोचल्या ते फोनवर विचारत होते. आता नोकरी सोडली, माझी गाडी कुठवर पोचली ते लोक मला विचारतील. उड्या माराव्यात असा दिवस. पण मामाला न दाखवता घेतली, ते सलतंय.

आई-बाबांच्या मागे मला मामा-मामींनी वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नाही. खाली मामाचं गॅरेज, वर आम्ही तिघं. इतर मुलींना भातुकलीची भांडी मिळाली, मला मामानं नट-बोल्ट दिले. गाडी चालवायलाही त्यानंच शिकवलं. आणि तोच म्हणाला होता, "ठमे, नोकरी सोडू नकोस. जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं." दाखवली असती तर नाहीच म्हणाला असता, म्हणून सौदा झाल्यावर सांगितलं.

"बरं," म्हणाला. एवढंच.

मग खाली आला, मला इंजिन चालू करायला लावलं, बॉनेटवर पंजा ठेवून डोळे मिटून उभा राहिला. "इंजिन दणकट आहे," म्हणाला आणि वर निघून गेला. मागची बाजू बघितलीसुद्धा नाही. राग गेलेला नाही तर.

११ जानेवारी

गाडीत आवाज आहे. मागून येतो. चीं... चीं... चीं... अगदी बारीक, तारेसारखा. गाडी हळू असली की स्पष्ट, वेग वाढला की इंजिनाच्या घरघरीत बुडून जातो. घरसामान हलवायचं काम, म्हणजे गल्ल्याबोळांतून सावकाशच जायचं. गल्लीभर चीं चीं. आज एका घरासमोर कपाट उतरवत होतो तर आजोबा खिडकीतून म्हणाले, "बाई, तेल घाला जरा तिला."

मालधक्क्यावर लंबूनं तर हद्द केली. लंबू म्हणजे तिथला जुना ड्रायव्हर, सगळ्या गाडीवाल्यांचा न निवडलेला पुढारी. त्याचं तोंड उघडं असतं तेव्हा बाकीच्यांचे कान उघडे असतात. म्हणाला, "तुझ्या गाडीत चिमणीनं घरटं केलंय. अंडी फुटेपर्यंत काढू नकोस, पाप लागेल."

हसले मी पण. घरी येताना मात्र सगळी वाट ती चीं चीं ऐकत आले. मामाला उद्या सांगते. सांगायची लाज वाटते. 'मी म्हटलं नव्हतं?' असं तो म्हणणार नाही, पण चेहऱ्यावर दिसेल.

१३ जानेवारी

मामाला शेजारी बसवून चक्कर मारली. मुद्दाम गल्लीतून, हळू. मागून चीं चीं चालूच.

"ऐकलंस?"

"हं." तो समोर बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"हे बघ, आत्ता... आत्ता पुन्हा."

"कुठेय आवाज?" तो म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय. पुन्हा एक चक्कर. पुन्हा तेच. शेवटी म्हणाला, "ब्रेकचे लायनर घासत असतील. बघतो." त्याच्या स्वरात काही नव्हतं, रागही नव्हता. त्यानंच जास्त लागलं. ज्या माणसाला इंजिनवर हात ठेवून कुठला सिलिंडर रुसलाय ते कळतं, त्याला एवढी चीं चीं ऐकू येत नाही? नको असलेली गाडी, म्हणून नको असलेला आवाज.

१६ जानेवारी

लायनर बदलले. सगळीकडे ग्रीस मारलं. मामा दिवसभर गाडीखाली होता. बाहेर आला तेव्हा गुडघे धरून उठला. चक्कर मारून आले, उतरले. त्यानं विचारलंसुद्धा नाही, नुसता माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "नाही गेला ना?"

मी मान हलवली.

"जाईल," म्हणाला.

मामी वरून आली, त्याच्या खांद्याला हात लावून त्याला आपल्याकडे वळवलं आणि मग म्हणाली, "अहो, जेवायला चला." हल्ली ती त्याला फार जपते. फोनसुद्धा तीच उचलते, काय काम आहे ते ऐकून घेते आणि त्याच्यासमोर बसून त्याला सांगते. आमच्या मामीनं नवऱ्याला साहेब करून ठेवलंय.

कंप्रेसरचा पाइप कुठेतरी फुटलाय, सकाळपासून फुस्स चाललं होतं. मामा चहा पिताना त्याच्याशेजारीच बसला होता, उठून बघितलं नाही. मीच बंद केला. एवढा आळशी कधी झाला हा?

२४ जानेवारी

आज मी जे केलं ते लिहू नये असं वाटतंय, म्हणून लिहिते.

मालधक्क्यावर गाड्या रांगेत होत्या. माझी पुढे सरकली तशी चीं चीं करत सरकली आणि सगळे हसले. लंबू म्हणाला, "अगं, घरात मेकॅनिक असून ही तऱ्हा? लोहाराच्या घरी बोथट सुरी!"

मी चिडले होते, त्यांच्यावर, गाडीवर, मामावर. म्हणाले, "मामाला आता जमत नाही. वय झालं. काय चाललंय, त्याला कळतच नाही."

कुणी हसलं नाही. लंबूनं सिगारेट विझवली आणि म्हणाला, "असं होय?"

त्याच क्षणी ते शब्द परत गिळावेत असं वाटलं. पण सुटलेला शब्द काही क्लच दाबून थांबत नाही. घरी आले तर मामा माझ्याच गाडीचे टायर तपासत बसला होता. हवा कमी वाटली म्हणे.

२ फेब्रुवारी

गॅरेजमध्ये एकच गाडी होती आज. तीही शेजाऱ्यांची. लंबूची गाडी हमरस्त्यापलीकडच्या नव्या वर्कशॉपच्या दारात उभी दिसली. दर वर्षी याच सुमारास ती आमच्याकडे यायची.

योगायोग असेल. मंदी असेल. कारणं शोधायला मी हुशार आहे. फक्त त्या आवाजाचं तेवढं सापडत नाही.

मामा हत्यारं पुसत होता. पुसलेलीच पुन्हा पुसत होता.

५ फेब्रुवारी

मामाच्या पाठीमागे गाडी त्या नव्या वर्कशॉपमध्ये नेली. त्याला सांगितलं, सामान घेऊन दूर जायचंय. तो म्हणाला, "पाणी बघून घे." मी "हो" म्हटलं आणि सरळ पलीकडे वळले.

तिथला मालक तरुण आहे, बोलायला गोड. चक्कर न मारताच म्हणाला, "चाकांचे बेअरिंग. डोळे झाकून सांगतो." दुपारपर्यंत मागच्या दोन्ही बाजूंचे बेअरिंग बदलले. मी बाकावर बसून रस्त्याकडे बघत होते, ओळखीचं कुणी जात नाही ना. चोराच्या मनात चांदणं.

बाहेर पडले. पहिलं वळण घेतलं. चीं... चीं... चीं.

रडायलाच आलं. अर्धं आवाजाचं, अर्धं कशाचं ते मला माहीत आहे.

६ फेब्रुवारी

मामानं ओळखलं.

सकाळी चाकाशी उकिडवा बसला होता. हबच्या नटांवरून बोट फिरवलं. "ठमे, हे कोणी उघडले?"

"कुठले?"

"हे. पाना नीट बसला नाही, कडा गेल्यात."

"कोणी नाही. आधीच तसे असतील." खोटं बोलताना मी त्याच्याकडे बघत नव्हते, तर तो वाकून माझ्या तोंडासमोर आला आणि म्हणाला, "काय म्हणालीस?"

म्हणजे खोटं दोनदा बोलायला लावलं मला. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

तो "हो, हो" म्हणून उठला. मग गाडीच्या मागच्या बाजूकडे बघत म्हणाला, "परवा सुट्टी घे. त्या दिवशी शोधूनच काढू."

"जाऊ दे मामा. राहू दे."

"राहू दे काय? माझ्या दारातली गाडी आहे."

९ फेब्रुवारी

काल मामाचा हात मोडला. मी मोडला.

क्रमाने लिहिते, नाहीतर मी माझ्या सोयीने आठवेन.

गाडीची मागची बाजू जॅकने उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, ठेवली होती, चाकं अधांतरी. मी केबिनमध्ये. इंजिन चालू, गियर टाकला की इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट फिरणार आणि चाकंही जागच्या जागी फिरणार. मामा खाली पत्र्यावर आडवा. ठरलं होतं असं: मी फिरवायचं, बंद करायचं, मग त्यानं हात लावून एकेक जागा तपासायची, हात बाजूला घ्यायचा, मग मी पुन्हा फिरवायचं.

दोन-तीनदा नीट झालं. दर वेळी मी खाली उतरून, वाकून बघून मग वर चढत होते. नंतर कंटाळले. खरं म्हणजे कंटाळले नव्हते, घुश्शात होते. नटांवरून त्यानं मला पकडलं होतं आणि वर एक शब्द बोलला नव्हता. मला त्याच्यासमोर वाकायचं नव्हतं.

केबिनमधूनच ओरडले, "मामा, हात काढलास का? लावू गियर?"

खालून आलं, "हो."

मी क्लच सोडला.

त्याची किंकाळी ऐकली आणि चावी फिरवली. शर्टाची बाही शाफ्टमध्ये गेली होती. बाही जुनी होती, फाटली, म्हणून हात राहिला. मनगटाचं हाड मोडलं आणि कोपरापर्यंत सोललं. मी खाली सरपटत गेले तेव्हा तो दात आवळून मला काय म्हणाला? "इंजिन बंद केलंस ना? तू लांब राहा."

हो म्हणाला होता. मी दहा वेळा आठवून बघितलं. हो म्हणाला होता. पण उतरून बघायचं काम माझं होतं. ते 'हो' मी ढालीसारखं पुढे धरतेय, हे मलाच दिसतंय.

१० फेब्रुवारी

आज पट्टी बदलायला हॉस्पिटलमध्ये. डॉक्टर नवीन, तोंडाला मास्क, कागदात डोकं.

"आजोबा, साखरेचा त्रास आहे का?"

"हो, हो," मामा म्हणाला.

"गोळ्या चालू आहेत?"

"हो."

"आधी कधी ऑपरेशन झालंय?"

"हो."

मी चक्रावले. मामाला ना साखर, ना गोळ्या. ऑपरेशन तर आमच्या घरात फक्त गाड्यांची होतात. मामी पुढे झाली, "नाही हो डॉक्टर, यातलं काही नाही. मला विचारा." आणि मामाच्या चांगल्या हाताला धरून त्याला हळूच मागे घेतलं. त्याची मान खाली गेली. शाळेत उत्तर न आलेल्या मुलासारखी.

गाडीखालून आलेलं ते 'हो' मला आठवलं.

बाहेर बाकावर मामीला विचारलं. तिनं आधी उडवून लावलं. मग म्हणाली, "बारीक आवाज जातात त्यांच्या कानातून. जाडे येतात. पाखरं, घंटी, शिट्टी, काही नाही. बायकांचं बोलणं अर्धं अर्धं. तोंड बघून ओळखतात आणि नाही कळलं की 'हो' म्हणतात."

"कधीपासून?"

"बरेच दिवस. कोणाला सांगू नकोस म्हणाले. मेकॅनिकचा कान गेला कळलं तर गाडी कोण आणणार? तुला तर मुळीच सांगू नको म्हणाले. तेव्हा तू नोकरीत होतीस, ती सोडशील आणि गॅरेज सांभाळत बसशील, अशी भीती वाटत होती त्यांना."

आणि मी काय केलं? धक्क्यावर उभी राहून सगळ्यांना सांगितलं की त्याला काही कळत नाही.

कान गेल्याचं त्यानं मामीवाचून कुणालाही कळू दिलं नव्हतं. मी ते माहीत नसतानाही पसरवलं.

१३ फेब्रुवारी

पाच दिवस गाडी तशीच घोड्यांवर. तिच्याकडे बघवत नव्हतं. दुपारी मामीला म्हटलं, विकून टाकते. मामा समोरच बसला होता, प्लास्टरचा हात गळ्यात. त्याला ओठांवरून कळलं असावं.

"दुखणं आहे तशी विकायची नाही," म्हणाला. "आणि आवाज आहे म्हणून कोणी गाडी विकतं का? ये इकडे. बस. माझ्यासमोर बस."

बसले.

"आवाज कसा आहे, सांग."

 इतक्या दिवसांत त्यानं हे एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ऐकू येत नाही हे उघड झालं असतं. आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, तो ऐकतोय आणि मुद्दाम गप्प बसतोय. दोघंही एका गाडीत बसून वेगवेगळ्या रस्त्यानं चाललो होतो.

"चीं चीं," मी म्हटलं. "बारीक. एकसारखा, थांबून थांबून."

"ब्रेक दाबला की बदलतो?"

"नाही."

"मग माझे लायनर फुकट गेले. वळताना? डावीकडे, उजवीकडे, जड-हलका?"

"नाही. तसाच."

"मग त्या पलीकडच्याचे बेअरिंगही फुकट गेले." हे अगदी सहज म्हणाला. मी मान खाली घातली. त्यानं हनुवटीला बोट लावून वर केली. "खाली बघून बोलू नकोस, मला कळत नाही. पाण्यानं काय होतं?"

"धुतली त्या दिवशी गप्प होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू."

"म्हणजे कोरडं काहीतरी आहे. आता महत्त्वाचं सांग. चाकाच्या एका फेऱ्यात चीं एकदा होतं की जास्त?"

ते मला माहीत नव्हतं. इतके दिवस आवाजावर वैतागले, पण कधी मोजला नाही.

"मग उद्या मोजू," म्हणाला.

१४ फेब्रुवारी

आज इंजिनला हात लावला नाही. चावी मामीच्या कमरेला. पुढच्या चाकांना दगड, गियर मोकळा, मागचं एकच चाक वर. मामा स्टुलावर बसला, असा की मी गाडीखाली असले तरी माझं तोंड त्याला दिसेल. चाक हातानं फिरवायला मामी. पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "जन्मभर यांचा संसार ओढला, आता ट्रकचं चाक."

टायरला खडूची एक रेघ, शाफ्टला एक. मी पाठीवर झोपले. जिथे तो झोपला होता तिथेच. पत्र्यावर त्याच्या रक्ताचा डाग होता, कोणी पुसला नव्हता. मी त्यावरच झोपले.

मामीनं चाक ढकललं. चीं. थोडं आणखी. चीं. टायरची रेघ अजून फेरा पूर्ण करून आली नव्हती.

"चाकापेक्षा जास्त वेळा होतं, मामा!"

"हळू बोल, नुसतं तोंड नीट हलव. चाकापेक्षा जोरात काय फिरतं?"

"शाफ्ट."

"शाफ्टची रेघ बघ."

रेघ वर आली की चीं. प्रत्येक वेळी. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक शाफ्टच्या मागच्या टोकाशी, जिथे तो चाकांच्या धुऱ्याला जोडलेला असतो तिथे लावलं, मूठ कानाला. कानात कोणीतरी खिळा ओढल्यासारखं झालं. मी दचकून डोकं आपटलं. मामी घाबरून ओरडली आणि मामा मात्र हसला. त्याला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"क्रॉस," म्हणाला. "मागची क्रॉस कोरडी आहे."

क्रॉस म्हणजे शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा. त्याच्या चारही टोकांवर वाट्या असतात, त्यांत ग्रीस लागतं. संध्याकाळपर्यंत मी शाफ्ट उतरवला. पाना कुठे लावायचा, किती ओढायचा, तो डाव्या हातानं दाखवत होता. वाट्या निघाल्या तर आत ग्रीसचा मागमूस नाही, नुसती तांबडी भुकटी.

मामानं ती बोटावर घेतली, चोळली. "मी मारलं होतं ग्रीस इथे. ग्रीसचं तोंडच बुजलंय, आत गेलंच नाही. बाहेर सांडलं आणि मला वाटलं भरलं." बोट फडक्याला पुसलं. "चीं चीं ऐकू आली असती तर पुन्हा बघितलं असतं."

"मामा, मी..."

"उतारावर तुटली असती तर शाफ्ट खाली पडून रस्त्यात रुतला असता. भरल्या गाडीसकट पालथी झाली असतीस." त्याचा आवाज चिरकला. म्हणजे इतके दिवस तोही काहीतरी घेऊन बसला होता. मी माझ्याच अपराधाच्या ओझ्याखाली एवढी वाकले होते की त्याच्याही पाठीवर काही असेल हे सुचलं नाही.

१६ फेब्रुवारी

नवी क्रॉस बसवली. गल्लीतून सावकाश चक्कर मारली. काही नाही. नुसती टायरची सळसळ. परत आले, मामाच्या समोर उभी राहिले आणि मान हलवली. तो खुर्चीत मागे रेलला.

मला वाटलं होतं आवाज गेला की मलाही बरं वाटेल. गॅरेज रिकामं आहे. समोरून लंबूची गाडी गेली, थांबली नाही.

धक्क्यावर जाऊन काय सांगू? 'मी बोलले ते खोटं' म्हटलं तर विचारतील, मग हात कसा अडकला, आवाज का सापडला नाही? खरं सांगायचं तर मामाचं गुपित फोडायचं. मामीला विचारलं. ती म्हणाली, "माझं ओझं मी वाहिलं. तुझं तू बघ." पहिल्यांदाच ती माझ्याशी असं बोलली. धक्क्यावरचं बोलणं तिच्यापर्यंतही पोचलं असणार.

१८ फेब्रुवारी

आज मामाला सांगितलं. म्हणजे सांगितलं असं म्हणायचं.

तो सकाळी आरशासमोर बसून डाव्या हातानं दाढी करत होता. मी मागे टॉवेल धरून उभी. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. त्याच्या पाठीशी उभी राहून, अगदी हळू आवाजात बोलले. की पलीकडच्या वर्कशॉपला मी गेले होते. की धक्क्यावर मी सांगितलं, त्याला जमत नाही, काही कळत नाही. की गिऱ्हाईक माझ्यामुळे तुटलं. की त्या दिवशी खाली उतरले नाही ते कंटाळा म्हणून नाही, घुश्शात होते म्हणून.

त्याला ऐकू जाणार नाही हे माहीत होतं. म्हणूनच बोलता आलं. असली कसली कबुली? बंद दुकानाच्या फळीवर जाऊन उधारी फेडल्यासारखी.

त्याचा वस्तरा गालावर थांबला होता. साबण डोळ्यात गेला असावा, कारण डोळे पाणावले होते. मग म्हणाला, "टॉवेल दे." दिला.

२० फेब्रुवारी

सकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून खाली आला. प्लास्टरवरून बाही जात नव्हती म्हणून मामीनं ती उसवून दिली होती. म्हणाला, "चल, धक्क्यावर जाऊ."

"कशाला?"

"कामं आणायला. घरी बसून येतात का?"

 धक्क्यावर सगळे होते. लंबूनं आधी गाडीकडे कान दिला, मग मामाच्या हाताकडे बघितलं. मामा उतरला, सरळ त्यांच्या घोळक्यात गेला. मी केबिनमध्येच बसून राहिले. 

"हिच्या गाडीचा आवाज गेला," मामा म्हणाला. स्वतःला नीट ऐकू येत नाही म्हणून असेल, फार मोठ्यानं बोलत होता. "मागची क्रॉस होती. मला सापडत नव्हती. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. लपवत होतो. ही म्हणाली ते बरोबर आहे, मला कळत नव्हतं. आता ज्याला गाडी आणायची त्यानं हे ऐकून आणावी."



माझं नाव त्यानं वाईट म्हणून घेतलंच नाही. उलट मला खरी ठरवलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. हे नाही सहन झालं. मी उतरले. त्याच्या मागे उभी राहणार होते, पण गेले पुढे, बरोबर समोर, त्याला माझं तोंड दिसेल अशी.

"मामाचा हात माझ्यामुळे मोडला," मी म्हटलं. "खाली उतरून बघायचं होतं, बघितलं नाही. आणि 'जमत नाही' म्हणाले ते चिडून म्हणाले. तो विचारत नव्हता तशी मीही सांगत नव्हते. विचारलं तेव्हा त्यानं बसल्या जागी आवाज ओळखला. न ऐकता." शेवटी शेवटी आवाज एवढा चढला की पलीकडचे हमाल वळून बघायला लागले.

"ओरडतेस कशाला, ठमे?" मामा म्हणाला. "दिसतंय मला. परवाही दिसलं होतं."

परवा काय दिसलं, ते मला कळलं नाही. गडबडीत म्हणाला असेल. आणि धक्क्यावर मी काय बोलले ते त्याला कोणी सांगितलं, तेही कळलं नाही. मामीला विचारलं तर ती म्हणते, "मी नाही बाई."

लंबू बराच वेळ बुटाच्या टोकानं माती उकरत होता. मग मामाच्या समोर येऊन उभा राहिला आणि तोंड भलतंच मोठं उघडून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाला, "मा-झ्या गा-डी-ला क-ड-क-ड ये-ते."

"अरे, बहिरा आहे, खुळा नाही," मामा म्हणाला. "नीट बोल. कडकड कधी येते? वळताना की सरळ?"

सगळे हसले. मामाही. मला हसता आलं नाही.

येताना तो खिडकीबाहेर बघत बसला. मी 'माफ केलंस का' असं विचारायला तोंड उघडलं, पण रस्त्यावर लक्ष ठेवायचं की त्याच्याकडे वळायचं? वळल्याशिवाय त्याला कळलं नसतं. घरापाशी थांबल्यावर वळले, तोवर धीर सुटला होता.

तोच म्हणाला, "लंबूची गाडी उद्या येतेय. सकाळी खाली ये. ऐकायचं काम तुझं."

एवढंच. राग नाही, उपदेश नाही. कामाला बोलावलं. त्या दिवसाचा फाटक्या बाहीचा शर्ट गॅरेजमध्ये खुंटीवर तसाच होता. तो मी धुतला. डाग निघाला नाही. शिवायला घेतलाय.